द्रविडला नोटीस, मंत्र्यांना लिफाफा

२०१९च्या ऑगस्टमध्ये राहुल द्रविडला नोटीस आली होती, आठवतंय? द्रविड तेव्हा नुकताच राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचा प्रमुख झाला होता. पण कागदोपत्री तो इंडिया सिमेंट्सचाही कर्मचारी होता, आणि इंडिया सिमेंट्स म्हणजे चेन्नई सुपर किंग्जच्या घरची कंपनी. बीसीसीआयचे एथिक्स ऑफिसर, निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी विचारलं, हे दोन्ही एकत्र कसं काय? द्रविड म्हणाला, मी कंपनीतून रजेवर आहे. त्याला बोलावून दोनदा सुनावणी झाली आणि नोव्हेंबरमध्ये 'काही गैर नाही' असा निकाल लागला. त्याच वर्षी सचिनलाही नोटीस गेली होती, लक्ष्मणलाही. गांगुलीने वैतागून ट्वीट केलं होतं, भारतीय क्रिकेटला आता देवच वाचवो अशा अर्थाचं.

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते आणि मला गांगुलीचं शंभर टक्के पटलं होतं. अरे, द्रविड! दोन-दोन दिवस खेळपट्टीवर उभा राहणारा माणूस चेन्नईसाठी कुणाचं काय पळवणार?

आज मला ती नोटीस बरोबर वाटते. निकालही बरोबरच वाटतो. प्रश्न विचारला गेला, उत्तर नोंदलं गेलं, विषय संपला. द्रविडच्या अब्रूला काही झालं नाही. उलट आता कुणी त्याच्याकडे बोट दाखवलं तर दाखवायला एक कागद आहे.

असा कागद आपल्या एकाही मंत्र्याकडे नाही. तुमच्या शहराचं पाणी, तुमच्या गावचा ऊस, तुमच्या कॉलेजची फी ठरवणारा माणूस त्याच धंद्यात स्वतः किती आणि कसा गुंतलेला आहे, हे त्याने तुम्हाला सांगितलंच पाहिजे असा कायदा या देशात नाही. क्रिकेटच्या मंडळाचा नियम मंत्रिमंडळाच्या नियमापेक्षा कडक आहे, आणि आपण चिडतो ते क्रिकेटवर.

"अगं, अफिडेव्हिट असतं की," हे मला प्रत्येक जण ऐकवतो. असतं, आणि ते फुकट मिळालेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली एडीआरच्या खटल्यात उमेदवारांनी मालमत्ता जाहीर करावी असं सांगितलं. सगळ्या पक्षांनी मिळून कायदा बदलून ते पातळ करायचा प्रयत्न केला, २००३मध्ये न्यायालयाने तोही हाणून पाडला. २०१८मध्ये लोकप्रहरीच्या निकालाने उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारी कंत्राटंही त्यात आणली. निवडणुकीच्या आठवड्यात आपण सगळे त्याचे स्क्रीनशॉट फिरवतो. अमुकची संपत्ती पाच वर्षांत इतक्या पटींनी वाढली, तमुककडे इतकं तोळं सोनं, आणि गाडी एकही नाही, बिचारा.

पण अफिडेव्हिट माणसाकडे किती आहे ते सांगतं. तो कुणाच्या बाजूने बसलाय ते सांगत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक मला ऑफिसात नव्हे, घरी कळला.

आमचा ऊस आहे. फार नाही, दोन एकर. तो ज्या सहकारी कारखान्याला जातो त्याचं नाव इथे लिहीत नाही, पप्पांना पुढच्या वर्षीही तोड मिळायला हवी. कायद्याने, म्हणजे १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाने, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी मिळायला हवी, नाही मिळाली तर १५ टक्के व्याज. एका हंगामात आमचे पैसे पाच महिन्यांनी आले. व्याजाचं नाव काढल्यावर चिटबॉय हसला, एवढंच.

अशा कारखान्याच्या चेअरमनचं अफिडेव्हिट उघडा. कारखान्यासमोर काय लिहिलेलं असणार? सभासदाचा शेअर, काही हजार रुपये. बस. शेकडो कोटींची उलाढाल, हजारो शेतकऱ्यांची तोड आधी की नंतर, बिलं कधी काढायची, नोकरीला कुणाची पोरं लावायची, हे सगळं ज्याच्या हातात आहे तो कागदावर माझ्या बापाइतकाच शेअरहोल्डर दिसतो. अफिडेव्हिट खोटं नाही हो. ते फक्त चुकीचा प्रश्न विचारतंय.

आता हा माणूस सहकारमंत्री झाला असं समजा. समजा कशाला, महाविकास आघाडीच्या काळात सहकारमंत्री होते बाळासाहेब पाटील, कराडच्या सह्याद्री कारखान्याचे चेअरमन. (आमचा ऊस तिकडे जात नाही, आणि वरचं रडगाणं त्यांच्या कारखान्याचं नाही.) ते मंत्री असताना, २१ फेब्रुवारी २०२२ला, त्यांच्याच खात्याने जीआर काढला की एफआरपी दोन टप्प्यांत दिली तरी चालेल. पहिला हप्ता ठरवून दिलेल्या पायाभूत उताऱ्यावर, उरलेले पैसे हंगाम संपून खरा उतारा कळल्यावर. राजू शेट्टी कोर्टात गेले आणि मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो जीआर रद्द केला. केंद्राच्या आदेशात राज्याला असा बदल करता येत नाही म्हणून.

पाटलांनी स्वतःच्या फायद्यासाठी हे केलं असं मी म्हणत नाही. कारखान्यांची बाजूही होती. साखर वर्षभर विकली जाते आणि बिल दोन आठवड्यांत द्यायचं, त्यासाठी कर्ज काढायचं आणि व्याज भरायचं. हा युक्तिवाद अगदी प्रामाणिक असू शकतो. पण पैसे देणारा आणि पैसे घेणारा यांच्यातला हा वाद होता, आणि निवाडा देणारं खातं देणाऱ्यांपैकी एकाच्या हाताखाली होतं. ही गोष्ट गुप्त नव्हती, कराडमध्ये शाळेतल्या पोरालाही ठाऊक होती. तरी त्या जीआरच्या फायलीत 'मंत्रिमहोदय स्वतः एका कारखान्याचे अध्यक्ष आहेत, सबब या विषयाचा निर्णय दुसऱ्या मंत्र्यांकडे सोपवावा' अशी ओळ लिहायला कुणाला भाग पाडणारा नियम नव्हता. आजही नाही. पक्ष बदलले, मंत्री बदलले, सहकार खातं आणि साखर यांची सोयरीक तशीच आहे.

मी हे पप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग काय झालं? कारखानदारालाच कारखान्यातलं कळणार. तुझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्याला करायचं का सहकारमंत्री?" आणि मग त्यांचं खरं म्हणणं बाहेर आलं. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसलं तरी पानात पडतं. आपला चेअरमन मंत्री झाला तर आपल्याला बरंच की. रस्ता होईल, हमी मिळेल, कारखाना वाचेल.

या लेखातला सगळ्यात अवघड विरोधक माझ्या घरी आहे. मंत्र्यांच्या वकिलांना उत्तर देणं सोपं आहे. 'आपला माणूस' या शब्दाला नाही. गावातली निम्मी मतं हितसंबंध असूनही पडत नाहीत, हितसंबंध आहेत म्हणूनच पडतात. आणि कारखानदारालाच कळतं यातही तथ्य आहे. काहीच धंदा नसलेली माणसंच मंत्री व्हावीत असं मलाही वाटत नाही. तशी माणसं पैसे कुठून आणतात हा वेगळाच लेख होईल.

पण पप्पा, वाढपी आपल्या ओळखीचा नव्हता. पाच महिने आपलं पान कोरडं होतं. वाढप्याची ओळख आचाऱ्याशी होती.

असो. 'नियमच नाही' हेही पूर्ण खरं नाही. एक आहे, १९६४चा. केंद्राच्या गृह मंत्रालयाची मंत्र्यांसाठी आचारसंहिता, केंद्र आणि राज्य दोघांसाठी. मी ती वाचली, दोन-तीन पानांची आहे, तुम्हीही चहा पिता पिता वाचू शकता. मंत्री होण्याआधी स्वतःची आणि कुटुंबाची मालमत्ता, देणी, व्यवसायातले हितसंबंध जाहीर करायचे. कुणाला? पंतप्रधानांना किंवा मुख्यमंत्र्यांना. जनतेला नाही. धंद्याच्या कारभारातून अंग काढायचं. धंदा सरकारी पुरवठ्यावर किंवा परवान्यांवर चालत असेल तर मालकीही सोडायची. कुणाकडे सोपवायची? आधीपासून धंद्यात असलेल्या सज्ञान नातेवाईकाकडे चालेल, फक्त नवरा किंवा बायको नको. म्हणजे मुलगा चालतो, भाऊ चालतो, पुतण्या तर फारच चालतो. आणि हा सज्ञान, स्वतंत्र कमावता मुलगा अवलंबून नसल्याने अफिडेव्हिटमध्येही येत नाही. साठ वर्षांपूर्वी ज्याने हे लिहिलं त्याला महाराष्ट्रातली घराणी माहीत नसावीत, किंवा फार चांगली माहीत असावीत.

मोडलं तर शिक्षा? काही नाही. ही संहिता कायदा नाही. मुख्यमंत्र्यांनी बघून घ्यायचं. आणि मुख्यमंत्र्यांचंच काही असेल तर?

झारखंडमध्ये झालं. हेमंत सोरेन मुख्यमंत्री, खाण खातंही त्यांच्याचकडे, आणि २०२१मध्ये रांचीजवळच्या अनगडा इथे दगडखाणीचा पट्टा त्यांच्याच नावावर मंजूर. जागा एक एकरापेक्षाही कमी. बोभाटा झाल्यावर पट्टा परत केला. लोकप्रतिनिधी कायद्याचं कलम ९-अ सरकारशी माल पुरवठ्याचं किंवा कामाचं कंत्राट असेल तर अपात्र ठरवतं, पण खाणपट्टा त्यात मोडत नाही असे सर्वोच्च न्यायालयाचे जुने निकाल आहेत. निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२२मध्ये आपलं मत बंद लिफाफ्यातून राज्यपाल रमेश बैस यांच्याकडे पाठवलं. आमदार फुटतील या भीतीने सरकारने बस भरून आमदार हलवले, विश्वासदर्शक ठराव झाला, पण लिफाफ्यात काय लिहिलंय ते लोकांना सांगितलं गेलं नाही. बैस नंतर आपल्याकडे राज्यपाल म्हणून आले. लिफाफ्यातलं मत त्यांनी तिकडे असेपर्यंत जाहीर केलं नाही.

माझा राग त्या खाणीवर कमी आहे, त्या लिफाफ्यावर जास्त.

राज्यसभेत निदान एक नोंदवही आहे. नियम २९३, पाच रकाने: पगारी संचालकपद, नियमित मोबदल्याचं काम, कंपनीवर ताबा असणारे शेअर्स, सल्लागारी, व्यावसायिक काम. लोकसभेत अशी नोंदवही नाही. खासदारांना निवडून आल्यावर मालमत्ता सभागृहाकडे जाहीर करायचं कलम ७५-अ आहे, ते आमदारांना लागूच नाही.

"तिकडे इंग्लंडमध्ये सगळं जाहीर करतात म्हणून काय रामराज्य आलं?" नाही आलं. पण ऋषी सुनक पंतप्रधान असताना २०२३मध्ये पाळणाघरांसाठी योजना आली, आणि तिचा फायदा होऊ शकणाऱ्या एजन्सींपैकी एकीत त्यांच्या पत्नीचे, म्हणजे आपल्या नारायण मूर्तींच्या कन्येचे, शेअर्स निघाले. खासदारांच्या समितीपुढे विचारल्यावर त्यांनी ते स्पष्ट सांगितलं नाही. चौकशी झाली, चूक अनवधानाने झाली पण झाली असं ठरलं, आणि पंतप्रधानाने लेखी माफी मागितली. बायकोच्या शेअर्सवरून. आपल्याकडे हा प्रश्न विचारणाऱ्याला 'घरच्या बायकांना मध्ये आणू नका' असं ऐकावं लागेल.

खासगीपणाचा मुद्दा मला मान्य आहे. मंत्र्याच्या सुनेचे दागिने मला बघायचे नाहीत. तिच्या नावावरची कंपनी सासऱ्याच्या खात्याला पाइप विकत असेल तर तेवढं एक वाक्य हवंय. पण २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ज)मधली 'व्यापक जनहित असेल तर द्या' ही फटसुद्धा त्या कलमातून काढून टाकली. उरलं कलम ८(२), तिथे भांडत बसा.

माझ्या कंपनीत दरवर्षी एक फॉर्म येतो. तुमचं कुणी नातेवाईक आमच्या व्हेंडरकडे आहे का? बाहेर काही काम करता का? माझा मावसभाऊ एका व्हेंडरकडे टेस्टर आहे, मी ते दरवर्षी इमानदारीत भरते. आणि माझा कोड मी स्वतः मंजूर करू शकत नाही, सिस्टिम बटणच देत नाही. कुणी मला चोर समजतं म्हणून नव्हे. रात्री अकरा वाजता, डेडलाइन डोक्यावर असताना, स्वतःचा कोड प्रत्येकाला बरोबरच दिसतो.

मंत्र्यांसाठी एवढंच करायचं आहे. प्रत्येकाची जाहीर नोंद: कुठे पद, कुठे मालकी, कुठे भागीदारी, सज्ञान मुलं आणि भावंडं धरून, सहकारी संस्था आणि शिक्षण ट्रस्ट धरून. बदल झाला की महिन्याभरात दुरुस्ती. आणि त्या धंद्याची फाईल आली की ती दुसऱ्याकडे, तसं लिहून. सॉफ्टवेअर म्हणाल तर दोन शनिवार-रविवारचं काम आहे, मी फुकट करून देते.

राज्य सरकारच्या साइटवर प्रत्येक जीआरला संकेतांक असतो आणि खाली अधिकाऱ्याची डिजिटल सही. कुणाच्या आदेशाने, कोणत्या तारखेला, कुणाकुणाला प्रत, सगळं. प्रतींची यादी तर कधी कधी जीआरपेक्षा लांब असते, अगदी 'निवड नस्ती'पर्यंत. तिच्या वर एका ओळीची जागा सहज निघेल.