तपासणी फक्त सुनेचीच का?



रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात अजूनही ऐकू येतं, "पाच वर्षं झाली, सुनेला मूल नाही." मुलाचं नाव कुणी काढत नाही. खरं तर मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं.

मी पॅरिशच्या शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून लिहितो. पुरुषांमधलं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक घटतंय, असं अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या पाहणीतून २००७ साली पुढे आलं. त्याच वयाच्या आधीच्या पुरुषांपेक्षा नंतरच्यांत ते कमी भरलं. शिकागोत दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर ते १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. आता आपल्या सिल्वासातली पोरं बघा. कारखान्यात रात्रपाळी, दिवसा पत्र्याखाली कसली झोप येणार? त्यात सुटलेलं पोट आणि दारू. पोटाची चरबी हे संप्रेरक स्त्री-संप्रेरकात बदलते. प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट रसायनांवरही शास्त्रज्ञांचा संशय आहे. तरी आपण गरम चहा पिशवीतून आणतोच.

यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र कुणाच्या सांगण्यावरून 'ताकदीची' इंजेक्शनं घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीरातलं शुक्राणू बनणं मंदावतं, थांबतंसुद्धा.

सासूबाईंनो, दवाखान्यात सुनेबरोबर मुलालाही पाठवा. त्याची साधी तपासणी आधी होऊ द्या.

– एक निवृत्त शिक्षक, सिल्वासा