बागेतली यंत्रं पुरे झाली, वस्तीत एक बॉक्सिंग क्लब द्या

तुमच्या घराजवळच्या बागेतली ओपन जिम डोळ्यांसमोर आणा. रंगीत यंत्रं आणि शेजारी कोणाच्या निधीतून ती बसवली हे सांगणारा मोठा फलक. सकाळी दोन आजोबा पायांनी झुलायच्या यंत्रावर उभे राहून गप्पा मारतात, संध्याकाळी लहान मुलं त्याचाच झोपाळा करतात. एखाद्या यंत्राचं बेअरिंग गेलेलं असतं. कोणतं यंत्र कोणी वापरायचं, किती वेळ, गुडघा दुखत असेल तर काय, हे सांगायला तिथे कोणीही नसतं. यंत्र बसवलं की आरोग्याची सोय झाली, असा हा हिशोब आहे. मला तो अजिबात मान्य नाही. व्यायाम लोखंडामुळे होत नाही. ठरलेली वेळ, शिकवणारा माणूस आणि "काल का नाही आलात?" असं विचारणारी चार माणसं असली की तो होतो.

म्हणून माझी मागणी वेगळी आहे. प्रत्येक वॉर्डात एक समाजमंदिर किंवा महापालिकेच्या शाळेचा हॉल संध्याकाळी दोन तास उघडा ठेवा, आठ-दहा पंचिंग बॅगा टांगा आणि एक प्रशिक्षक नेमा.

बॉक्सिंग म्हटल्यावर तुम्ही दचकला असाल तर ते योग्यच आहे. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांनी मेंदूचं नुकसान होतं, हे वैद्यकशास्त्राला नवीन नाही. हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरांनी मुष्टियोद्ध्यांमधल्या या आजाराबद्दल १९२८ मध्येच लिहिलं होतं. मी ज्या क्लबबद्दल बोलतोय तिथे कोणी कोणाला मारत नाही. ठोसे बॅगेवर मारायचे किंवा प्रशिक्षकाने हातात धरलेल्या पॅडवर. रिंग नाही, सामने नाहीत. "थोडं स्पॅरिंग करू या की" असं कोणी म्हणालं तर त्याला स्पर्धेच्या क्लबात पाठवायचं, इथे नाही.

आता प्रश्न असा, की चालणं फुकट असताना हे कशाला? हा युक्तिवाद मी वर्षानुवर्षं ऐकतोय, आणि मी स्वतः तुम्हाला चालायला सांगतोच. पण चालणार कुठे? फूटपाथवर दुचाक्या, पावसाळ्यात चार महिने चिखल, अंधार पडल्यावर भटकी कुत्री. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार २०२२ मध्ये भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. पुरुषांमध्ये सुमारे ४२ टक्के, स्त्रियांमध्ये ५७ टक्के. निम्मा देश आळशी आहे, असं म्हणून आपण डॉक्टर मंडळी हात झटकतो. निम्मा देश एकाच वेळी आळशी होत नसतो. त्याला व्यायामाची जागा नाही, वेळ ठरलेली नाही, आणि खासगी जिमची फी बघून तो जिन्यावरूनच परत फिरतो.

आणि नुसतं चालणं पुरतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस व्यायाम सांगतात, आणि त्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. हा दुसरा भाग आपल्याकडे कोणी करतच नाही. चाळिशीनंतर स्नायू कमी होत जातात, आणि जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा उचलतात ते हेच स्नायू. मधुमेह असेल तर हे वाक्य परत वाचा.

बॉक्सिंगच्या एका फेरीत काय होतं ते बघा. तीन मिनिटं काम, एक मिनिट विश्रांती. ठोसा खांद्यातून येतो असं वाटतं, पण तो निघतो पायाच्या चवड्यातून. टाच वळते, कंबर फिरते, पोट घट्ट होतं, मग हात पुढे जातो. शिवाय "एक-दोन-एक, खाली वाक" अशी सूचना ऐकून तशी हालचाल करायची म्हणजे लक्ष, तोल आणि वेग सगळंच कामाला लागतं. याच कारणाने अमेरिकेत इंडियानापोलिसला २००६ पासून पार्किन्सनच्या रुग्णांसाठी ठोसे न खाता करायचं बॉक्सिंग शिकवलं जातंय. पार्किन्सन झालेले एक सरकारी वकील, स्कॉट न्यूमन, यांनी ते सुरू केलं. त्याने आजार बरा होत नाही. तोल आणि हालचाल टिकवायला मदत व्हावी, यासाठी ते आहे.

मनाचं काय? ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०२४ मध्ये नैराश्य आणि व्यायामावरच्या दोनशेहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. चालणं-पळणं, योग आणि ताकदीचे व्यायाम या सगळ्यांनी फायदा दिसला, आणि व्यायाम जितका जोरकस तितका फायदा जास्त. खास बॉक्सिंगवरचा पुरावा त्या मानाने थोडा आहे, म्हणून बॅगेवर चार ठोसे मारले की टेन्शन पळालं, असल्या रील्सवर विश्वास ठेवू नका. गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करू नका. माझा मुद्दा साधा आहे: जोरकस आणि ताकदीचा व्यायाम एकाच तासात, चारचौघांत, कमी पैशात करायचा असेल तर याच्याइतकं सोपं साधन क्वचितच सापडेल.

कोणी म्हणेल, आपली तालीम होतीच की. होती, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या, कारण तिथे वस्ताद होता, वेळ होती आणि पेठेचा अभिमान होता. आज त्यातल्या काही तालमींची नावं लोकांना फुटबॉलच्या संघांमुळे जास्त माहीत आहेत. पण लाल मातीत अनोळखी माणसाशी अंगाला अंग भिडवायला पन्नाशीची बाई येणार नाही आणि साठीचा कारकूनही येणार नाही. बॅगेसमोर दोघंही शेजारी शेजारी उभे राहू शकतात. तालमीतून घ्यायचा तो वस्ताद.

पैशांकडे येऊ. समजा साठ सभासद आहेत आणि महिन्याला २०० रुपये फी आहे. म्हणजे बारा हजार झाले. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी दोन तास शिकवणाऱ्या स्थानिक प्रशिक्षकाला मानधन म्हणून इथून सुरुवात करता येते. जिल्हा-राज्य पातळीवर खेळलेली आणि पुढे डिलिव्हरीची कामं करणारी मुलं-मुली तुमच्या आसपासच आहेत. हॉल फुकट मिळाला पाहिजे, कारण तो तुमच्याच कराच्या पैशातून बांधलाय. बॅग बाहेरून कॅनव्हासची, आत जुन्या कपड्यांच्या कातरणीची. वाळू भरू नका, ती तळाशी बसून दगड होते आणि मनगटं दुखावतात. आणि तुमच्या मंडळाने विसर्जनाला एका संध्याकाळच्या डीजेला जितके पैसे दिले, त्यात अशा चार-पाच बॅगा सहज येतील. तो आवाज ऐकून ज्यांचे कान वाजतात त्यांना तपासायचं काम माझ्याकडे येतं, म्हणून हे जरा रागाने लिहितोय.

बायकांसाठी मात्र "सर्वांना खुलं" एवढा फलक पुरत नाही. संध्याकाळी सात वाजता ज्या घरात पोळ्या लाटायच्या असतात, त्या घरातली बाई सातच्या बॅचला येणार कशी? दुपारी चारची बॅच, शक्यतो शिकवायला बाईच, कडी लागणारं स्वच्छतागृह आणि घरी परततानाच्या वाटेवर दिवा. हे नसेल तर क्लब पुरुषांचाच होईल, आणि वरचा ५७ चा आकडा आहे तिथेच राहील.

आता डॉक्टर म्हणून काही अटी, आणि यांत सूट नाही. चालताना छातीत दुखत असेल, दम लागत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी तपासणी, मग बॅग. ठोसा मारताना श्वास रोखायचा नाही, "सुस्स" करत सोडायचा. श्वास कोंडला की दाब एकदम चढतो. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यात नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर नेत्रतज्ज्ञांनी होकार देईपर्यंत हा व्यायाम नको. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेत असाल तर खिशात साखर ठेवा. पायांची संवेदना कमी असेल तर अनवाणी उभं राहू नका. हाताला पट्टी गुंडाळल्याशिवाय ठोसा नाही. करंगळीच्या बाजूने ठोसा बसला की तळहाताचं हाड मोडतं, म्हणून पहिल्या दोन सांध्यांवर मार घ्यायला शिका. पट्ट्या प्रत्येकाच्या स्वतःच्या हव्यात आणि धुतलेल्या हव्यात, नाहीतर क्लबातून आरोग्याऐवजी नायटा घरी न्याल.

पहिले दोन आठवडे बॅगेला हातही लावू न देणारा प्रशिक्षक मिळाला तर त्याला सोडू नका. तो नुसतं उभं राहायला, पाय सरकवायला आणि दोरीवरच्या उड्या मारायला लावेल. गुडघे दुखत असतील तर उड्यांऐवजी जागच्या जागी पावलं टाका.

मागायचं कुणाकडे? पुण्यात नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात, ही सोय २००६ पासून आहे. इतर शहरांत वॉर्ड ऑफिस आणि नगरसेवक, गावात ग्रामसभा. पन्नास सह्या घेऊन जा. अर्जात नवीन इमारत मागू नका, यंत्रं तर मुळीच मागू नका. अमुक समाजमंदिर, सोमवार-बुधवार-शुक्रवार, दुपारी चार ते पाच आणि संध्याकाळी सहा ते आठ, किल्ली कोणाकडे राहणार, आणि प्रशिक्षकाच्या मानधनातली तूट कोणत्या निधीतून भरणार, एवढंच लिहा. पोच घ्यायला विसरू नका.