‘अनैतिक संबंधातून’

मराठी वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तात काही शब्द तयारच ठेवलेले असतात. बाई मारली गेली आणि कारण कळलेले नाही, की ‘अनैतिक संबंधातून’. वार्ताहर जागेवर गेला नाही, की ‘असे समजते’. कोणी सांगितले ते लिहायचे नाही, की ‘परिसरात चर्चा आहे’. हे शब्द इतके सरावाचे झाले आहेत की वाचताना आपण अडखळतही नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे फॉर्ममधली एखादी जागा रिकामी राहिली, तर प्रोग्रॅम तिथे आधीच ठरवलेली किंमत आपोआप भरतो. तिला डिफॉल्ट म्हणतात. पुढे ती नोंद वाचणाऱ्याला वाटते की कोणीतरी माहिती घेऊनच ती भरली असेल. बातमीतला पूर्वग्रह बहुतेक वेळा असाच येतो. त्यासाठी पत्रकाराने खोटे बोलायची, पैसे खायची किंवा कुणाचा द्वेष करायची गरज नसते. त्याने प्रश्न विचारला नाही एवढे पुरते. रिकामी राहिलेली जागा समाज आपल्या हिशोबाने भरून टाकतो.

माध्यमांच्या पक्षपातावर आपल्याकडे चर्चा खूप होते, पण ती दिल्लीच्या वाहिन्यांवर होते. कोणता अँकर कुणाचा, कोणता चॅनेल कुणाच्या मालकीचा. ही चर्चा सोपी आहे, कारण तिच्यात दोषी नेहमी दूर असतो. मला बोलायचे आहे ते नागपूरहून दोन-तीन तासांच्या रस्त्यावर घडलेल्या गोष्टीबद्दल.

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. सुरेखा भोतमांगे, बारावीत शिकणारी मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर या चौघांना गावातल्या जमावाने ठार केले आणि मृतदेह कालव्यात टाकले. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. कुटुंब बौद्ध होते, शेतातून जाणाऱ्या रस्त्यावरून गावाशी वाद होता. त्याच महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्या जवळच्या एका पोलीस पाटलांना मारहाण झाली होती. सुरेखा आणि प्रियंका यांनी मारणाऱ्यांना ओळखले, पोलिसांना नावे सांगितली. ती माणसे जामिनावर सुटली त्याच दिवशी हा हल्ला झाला.

म्हणजे दोन बायका साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या आणि त्याची किंमत चौघांनी दिली. ही बातमी होती. सुरुवातीला छापून आले ते काय? सुरेखाचे त्या पोलीस पाटलांशी संबंध होते, त्या रागातून गावकऱ्यांनी हे केले. हे गावातल्यांचे म्हणणे होते. त्यात आरोपींच्या बाजूचा स्वार्थ होता हे कोणालाही कळले असते. पण मेलेली बाई उत्तर द्यायला येत नाही आणि जिवंत राहिलेल्या नवऱ्याला कोणी विचारले नाही. रिकामी जागा भरली गेली. साक्षीदार बाई एका ओळीत बदफैली बाई झाली.

नागपुरात तेव्हा वर्तमानपत्रांची कमी होती असे नाही. त्याहून विशेष म्हणजे तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, दसरा होता. धर्मांतराचे ते सुवर्णमहोत्सवी वर्ष. दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो माणसे आली होती. शहरातले बातमीदार आणि छायाचित्रकार तिथे होते. खैरलांजीबद्दल ऐकून पेटून उठला असता असा सगळा समाज एका मैदानात जमला होता आणि परत गेला, तरी त्याला ही गोष्ट नीट कळली नाही. इंग्रजीत टाइम्स ऑफ इंडियामध्ये सब्रिना बकवॉल्टर यांचा सविस्तर वृत्तांत आला तो २९ ऑक्टोबरला, घटनेनंतर बरोबर एक महिन्याने. नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी आंदोलनामागे नक्षलवादी असल्याचा संशय बोलून दाखवला. तोही आणखी एक तयार शब्द. दलित रस्त्यावर आला आणि कारण शोधायचे नसले, की ‘नक्षलवादी’.

या महिन्याभराचे नुकसान प्रतिष्ठेपुरते नव्हते. पहिल्या शवविच्छेदनावर गंभीर आक्षेप आले, पुरलेले मृतदेह पुन्हा बाहेर काढावे लागले. कामात कसूर केल्याबद्दल पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले, पण गेलेला पुरावा निलंबनाने परत येत नाही. पहिल्या दोन दिवसांत एखादा बातमीदार भैयालाल यांच्याशी बोलला असता आणि ‘साक्षीदार मायलेकींची हत्या’ असा मथळा आला असता, तर यंत्रणेला इतके निवांत राहता आले असते का?

इथे एक गोष्ट आमच्या बाजूच्या वाचकांनाही सांगितली पाहिजे. नंतरच्या लेखांत, भाषणांत, पत्रकांत अत्याचाराचे जे तपशील आले, त्यांतले सगळे न्यायालयात टिकले नाहीत. १५ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या जलदगती न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले आणि पुढे सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप सुनावली. पण ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे लागली नाहीत. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली आणि हत्यांचे कारण जात नसून सूड असल्याचे मानले. दलित बाईने सवर्ण पुरुषांविरुद्ध साक्ष दिली म्हणून उगवलेला सूड जातीपासून वेगळा कसा काढायचा, हे मला अजून समजलेले नाही. या निकालावर माझा राग आहे. पण तो राग व्यक्त करताना सिद्ध झालेले आणि न झालेले यांची सरमिसळ केली, तर मी ज्यांच्याविरुद्ध लिहितो आहे त्यांचेच काम करीन. आधी बातमी गेली नाही म्हणून पुरावा गेला, आणि पुरावा गेल्यावर ऐकीव माहितीला मोकळे रान मिळाले. दोन्हीचे मूळ एकच आहे.

पत्रकार मित्र यावर जे सांगतात ते खोटे नाही. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरते असते, बातमीबरोबर जाहिरातीही त्यालाच आणाव्या लागतात, गावच्या पुढाऱ्याशी वाकडे घेऊन त्याला राहता येत नाही. रात्री पान सोडायचे असते आणि हातात फक्त पोलिसांची माहिती असते. मान्य. मग तेवढेच लिहा. ‘पोलिसांनी असे सांगितले, मृतांच्या नातेवाइकांशी आमचे बोलणे झालेले नाही.’ या दोन वाक्यांना पैसे लागत नाहीत. माहीत नाही हे छापायला आपले संपादक का घाबरतात?

दुसरे उत्तर असते तटस्थतेचे: आम्ही दोन्ही बाजू देतो. ज्या गावात एका बाजूची चार माणसे मेली आहेत आणि दुसऱ्या बाजूला अख्खा गाव आहे, तिथे चावडीवर उभे राहून दोन्ही बाजू कशा मिळतील? एक बाजू चालत येते, दुसरी शोधावी लागते. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला तो याच अनुभवातून. त्या काळची बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहणारी आहेत, अशी त्यांची पहिल्याच अंकात तक्रार होती. शंभर वर्षांनंतरही ती तक्रार जुनी झाली आहे असे म्हणता येत नाही.

प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत छापण्याआधी पडताळणी आणि चुकीची ठळक दुरुस्ती, दोन्ही लिहिलेले आहे. पण कौन्सिलला समज देण्यापलीकडे अधिकार नाहीत आणि इंटरनेटवरच्या बातम्यांनी तर दुरुस्तीची लाजच सोडली आहे. सकाळी एक मथळा, दुपारी दुसरा, मधे काय बदलले याची नोंद नाही. आमच्या धंद्यात एका ओळीतला स्वल्पविराम बदलला तरी कोणी, कधी, कशासाठी बदलला हे राहते. कुणाच्या आईच्या चारित्र्याबद्दलचे वाक्य मात्र मागमूस न ठेवता काढता येते.

मी नागपुरात नंदनवनात राहतो. आमच्या भागातल्या चौकाला संताजी जगनाडे यांचे नाव आहे. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले असे परंपरा सांगते. ऐकले ते तसेच उतरवले, एवढ्या कामासाठी साडेतीनशे वर्षांनी माणसाचे नाव घेतले जाते. हे काम लहान नाही.

म्हणून मागणी मोठी नाही. कोण बोलले ते लिहा. स्वतः पाहिले की ऐकले ते लिहा. चुकले तर ज्या पानावर, ज्या आकारात चुकले तिथेच दुरुस्त करा. आणि हत्येचे कारण माहीत नसेल तर ती जागा रिकामी ठेवा. भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात वारले. त्यांच्या बायकोबद्दल जे छापले गेले, त्याची तेवढ्याच मोठ्या अक्षरांतली दुरुस्ती माझ्या पाहण्यात नाही. ती अजूनही छापता येईल.