चढावरची परीक्षा

वार्षिक परीक्षा आटोपून उन्हाळ्याची सुटी लागली की मोटार शिकवणाऱ्या शाळांचा हंगाम सुरू होतो. टपावर शाळेच्या नावाची पाटी आणि पुढे-मागे तांबड्या रंगातला 'एल' मिरवणारी लहानशी मोटार भल्या सकाळपासून गल्लीबोळांतून हिंडू लागते. आत अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसलेली असते. चौकात दिवा हिरवा होतो, गाडी एक आचका देऊन बंद पडते, आणि मागचे सगळे जग भोंगे वाजवू लागते. हे दृश्य पाहून हसणाऱ्यांपैकी बहुतेकजण कधीकाळी त्याच जागी घामाघूम होऊन बसलेले होते, एवढे लक्षात ठेवले तर भोंगे थोडे कमी वाजतील. पण प्रश्न भोंग्यांचा नाही. या मुलांना जे शिकवले जाते आणि ज्याची परीक्षा घेऊन सरकार त्यांच्या हाती परवाना देते, त्याचा रस्त्यावर जे घडते त्याच्याशी संबंध किती, हा प्रश्न आहे.

नवशिक्याची गाडी बंद का पडते, हे आधी समजून घेतले पाहिजे. मोटारीचे इंजिन चालू ठेवायचे तर त्याला मिनिटाला सात-आठशे फेरे घ्यावेच लागतात. गाडी उभी असताना चाके मात्र स्थिर असतात. फिरती वस्तू आणि थांबलेली वस्तू यांची गाठ धक्का न बसता घालून देणे हे क्लचचे काम होय. डावा पाय पूर्ण दाबलेला असतो तेव्हा इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटलेला असतो. पाय हळूहळू वर येऊ लागला की घर्षणाची तबकडी इंजिनाच्या जड चाकाला टेकते, घासू लागते आणि थोड्या वेळाने त्याच्याबरोबर फिरू लागते. ती टेकण्याची जागा पायाच्या एका बोटाच्या हालचालीएवढी अरुंद असते आणि प्रत्येक गाडीत निराळी असते. इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, गाडीचे नाक जरासे उचलल्यासारखे वाटते. तेथे पाय क्षणभर थांबवून उजव्या पायाने बेताने गती द्यायची, एवढेच ते रहस्य. पाय भसकन सुटला की गाडी बंद. फार वेळ तेथेच रेंगाळला की तबकडी जळते. सपाट रस्त्यावर ही कसरत आठ-दहा दिवसांत जमते. चढावर मात्र तिला तिसरी बाजू फुटते, कारण तेथे पृथ्वीही गाडीला मागे ओढत असते.

प्रस्तुत लेखकाने मोटार शिकली ती अशाच एका शाळेत. पंधरा दिवस रोज अर्धा तास, गाडी क्वचितच बंद पडली आणि स्वतःविषयी बराच आदर निर्माण झाला. सोळाव्या दिवशी घरच्या गाडीत बसून पहिल्याच उड्डाणपुलाच्या चढावर वाहतुकीत अडकलो, तेव्हा कळले की पंधरा दिवस क्लच मी चालवलेलाच नव्हता. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या माणसाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक बसवलेले असतात. ही सोय नियमानेच सक्तीची आहे आणि ती योग्यही आहे. पण विद्यार्थी चुकण्याआधीच शिकवणाऱ्याचा पाय पुढे होतो, चूक घडतच नाही आणि जी चूक घडली नाही ती सुधारलीही जात नाही. शिकवणाऱ्याला दोष द्यावा तर त्याच्या मागे दुसरा विद्यार्थी उभा असतो, आणि भर चौकात गाडी बंद पडलेली त्याला परवडत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी खासगी गाडीच्या शिक्षणाला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास सांगितले आहेत. रोजचा अर्धा तास, त्यातला सिग्नलवर थांबण्याचा वेळ आणि शिकवणाऱ्याच्या पायाने चाललेला वेळ वजा केला, तर विद्यार्थ्याच्या वाट्याला दहांपैकी किती तास येतात याचा हिशेब कोणीही घालून पाहावा.

याहून गंभीर गोष्ट परीक्षेची आहे. १९८९ च्या याच नियमांतील पंधरावा नियम कोणी फारसा वाचत नसावे. वाचला असता तर आजच्या परीक्षा घेताना अधिकाऱ्यांनाच संकोच वाटला असता. उमेदवाराला काय काय आले पाहिजे याची तपशीलवार यादी त्यात आहे. गाडी सरळ आणि कोनातून सुरक्षितपणे सुरू करणे, पहिल्यापासून शेवटच्या गिअरपर्यंत क्रमाने जाणे, वाहतूक पाहून झटकन खालच्या गिअरवर येणे, उतारावर गिअर उतरवणे. आणि तीव्र चढावर गाडी थांबवून हँडब्रेकचा, किंवा गती आणि पायाच्या ब्रेकचा नीट उपयोग करून, ती मागे न घसरता पुन्हा सुरू करणे. नियम करणाऱ्यांना मोटार कशी चालते हे उत्तम ठाऊक होते, असेच हे वाचताना वाटते. आता अनेक परिवहन कार्यालयांच्या मैदानांवर जाऊन पाहावे. सपाट जमीन, रांगेत उभे उमेदवार, शाळेचीच गाडी, शेजारी शाळेचाच माणूस. पहिल्या गिअरमध्ये थोडे अंतर जायचे, वळायचे, थांबायचे, उतरायचे. चौथा गिअर दूर राहिला, तिसऱ्याशीही गाठ पडत नाही. पुण्याजवळ भोसरीला आणि इतर काही ठिकाणी यांत्रिक देखरेखीखाली परीक्षा घेण्याची व्यवस्था झाली आहे आणि तेथे स्थिती निश्चितच बरी आहे. पण एका राज्यात परवान्याचा अर्थ उमेदवाराने कोठल्या मैदानावर परीक्षा दिली यावर ठरावा, हे काही समाधानकारक नव्हे. देशातले तीस टक्के परवाने बोगस आहेत, असे केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी एकाहून अधिक वेळा जाहीरपणे सांगितले आहे. उरलेल्या सत्तर टक्क्यांतले किती नियमाप्रमाणे मिळाले, हे मात्र कोणी सांगितलेले नाही.

चढ-उतारांचा हा आग्रह काहींना पुस्तकी वाटेल. त्यांनी कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याच्या नवले पुलाकडे उतरणारा रस्ता आठवावा. २० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी रात्री तेथे एका मालमोटारीने उतारावर डझनावारी वाहने चिरडली. चालकाने उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असे प्राथमिक तपासानंतर सांगण्यात आले. घाट उतरताना इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि ती पिढ्यान् पिढ्या शेजारी बसून शिकली जाते. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते. तो आधार काढून घेतला की सारे ओझे ब्रेकवर येते, ब्रेक तापतात आणि नेमके हवे तेव्हा दगा देतात. इंजिनही बंद केले असेल तर ब्रेकला मिळणारे साहाय्यही लवकरच संपते. ज्याला पहिल्या महिन्यात उतारावर गिअर उतरवायला शिकवले गेले नाही, तो ते विसाव्या वर्षी शिकेल अशी आशा करण्यात अर्थ नाही. पुढे तो मोटारीऐवजी मालमोटार चालवू लागतो एवढाच फरक.

हा फरक कायद्याच्या दृष्टीने आता आणखी अंधुक झाला आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला एकूण ७,५०० किलोपर्यंतचे व्यापारी वाहन चालवण्यासाठी परवान्यावर वेगळी नोंद लागत नाही. अशा चालकांमुळे अपघात वाढतात हे दाखवणारी आकडेवारी न्यायालयापुढे आली नव्हती, आणि असंख्य चालकांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. निर्णयाशी वाद घालण्याचे कारण नाही. पण त्याचा परिणाम ओळखला पाहिजे. सपाट मैदानावर पहिल्या गिअरमध्ये दिलेल्या परीक्षेवर आता टेम्पोचाही भार पडला आहे.

यावर एक उत्तर हल्ली हटकून ऐकू येते. क्लचच नाहीसा होत असताना त्याची चर्चा हवी कशाला? २०१४ साली स्वस्त मोटारींत आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा आली आणि तेव्हापासून शहरांत तिचा प्रसार झपाट्याने झाला. विजेच्या गाड्यांत तर क्लच नसतोच. हे सगळे खरे आहे. पण रस्त्यावरच्या बहुसंख्य जुन्या मोटारी, टॅक्सी, टेम्पो आणि मालमोटारी आजही डाव्या पायावर चालतात. शिवाय या युक्तिवादातला खरा धोका दुसऱ्या बाजूला आहे. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात 'बेस्ट'च्या सेवेतील कंत्राटी विजेची बस गर्दीत घुसली आणि नऊजणांचे प्राण गेले. चालकाला क्लच-गिअरच्या बस चालवण्याचा अनुभव होता आणि क्लच नसलेल्या या लांब बसचे प्रशिक्षण अवघ्या काही दिवसांचे मिळाले होते, असे तपासाच्या वृत्तांतून पुढे आले. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. परंतु हाता-पायांची सवय ही यंत्रागणिक बदलणारी गोष्ट आहे आणि ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप जात नाही, हे समजायला निकालाची वाट पाहण्याची गरज नाही. क्लच येणाऱ्याला सगळे येते हा समज जितका चुकीचा, तितकाच क्लच न येणाऱ्याचे काही अडत नाही हाही.

गंमत अशी की, ही गोष्ट आपल्या कायद्याला ठाऊक आहे, पण फक्त दोन चाकांपुरती. मोटार वाहन कायद्याच्या दहाव्या कलमात विनागिअरची मोटारसायकल आणि गिअरची मोटारसायकल हे परवान्याचे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. गिअरच्या गाडीवर उत्तीर्ण झालेला विनागिअरच्या गाडीवरही उत्तीर्ण समजला जातो. उलट मात्र चालत नाही. मोटारीचा प्रश्न येताच हा शहाणपणा संपतो. क्लच कधीही न दाबलेला उमेदवार ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा देतो आणि दुसऱ्या दिवशी काकांची जुनी मोटार घेऊन महाबळेश्वरच्या घाटात जायला कायद्याने मोकळा असतो. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला क्लचची गाडी चालवता येत नाही. जर्मनीने एप्रिल २०२१ पासून मधला मार्ग काढला आहे. तेथे परीक्षा ऑटोमॅटिकवर देता येते. मात्र क्लचच्या गाडीवर ठरावीक तासिका पूर्ण करून शाळेची चाचणी उत्तीर्ण झाल्यास दोन्ही गाड्यांची मुभा मिळते.

आपल्याकडे धैर्य दाखवले ते केरळने. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील परिवहन खात्याने परिपत्रक काढून जुन्या 'एच' आकाराच्या परीक्षेऐवजी नागमोडी वळणे, तिरप्या जागेत गाडी लावणे आणि चढावर थांबून पुन्हा निघणे अशा कसोट्या ठेवल्या. त्याचबरोबर परीक्षेसाठी ऑटोमॅटिक आणि विजेच्या गाड्या आणण्यास मनाई केली. मे महिन्यात शाळाचालकांनी मैदाने अडवली, परीक्षा ठप्प झाल्या, खात्याला काही पावले मागे घ्यावी लागली आणि वाद न्यायालयात गेला. चढाच्या बाबतीत केरळचे म्हणणे बरोबर होते. ऑटोमॅटिकवरची बंदी मात्र अनाठायी होती. डाव्या पायाने अधू असलेला माणूस, साठीत प्रथमच गाडी शिकणारी गृहिणी यांना क्लचच्या छळातून नेण्याचे प्रयोजन नाही. त्यांना परवाना द्यावा आणि तो कोणत्या गाडीचा आहे ते त्यावर लिहावे. दुचाकीला जे चालते ते मोटारीला का चालू नये?

केंद्र सरकारने १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली आहे. मोटारीसाठी तेथे २९ तासांचा अभ्यासक्रम आहे, त्यातले २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे, आणि तेथे उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयातील परीक्षेतून सूट आहे. कागदावर योजना चांगली आहे. मात्र शिकवणारा आणि परीक्षक एकच झाल्यावर उत्तीर्णांची टक्केवारी कशी वाढते, याचा अनुभव महाराष्ट्राला शिक्षणाच्या इतर क्षेत्रांत आहे. शिवाय अशी केंद्रे मोठ्या भांडवलाची असल्याने तालुक्याच्या गावी ती पोहोचायला वेळ लागेल, आणि तोवर तेथला मुलगा आपल्या मामाकडूनच शिकणार.

२०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात चालकाकडे पक्का परवाना होता, शिकाऊ होता की नव्हताच, याचे रकाने असतात. परवाना मिळवताना त्याने गाडी चढावर थांबवून दाखवली होती काय, असा रकाना नाही. तो भरता येण्यासाठी नवा कायदा नको, आयोग नको. पंधरावा नियम जसा लिहिला आहे तसा पाळणे पुरेसे आहे. मैदानाच्या एका कडेला मुरूम आणि डांबर टाकून चाळीस-पन्नास फुटांचा चढ करता येतो. ज्या कार्यालयाच्या आवारात तेवढीही जागा नाही, त्याला शहरातला उड्डाणपूल सकाळी सहा वाजता मोकळा मिळतो.