हिरव्या शेंबडावर लगेच गोळी नको

थंडी पडली की कवठे महांकाळच्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर हे बोलणं कानावर येतं: "पोराची सर्दी पिकलीय, सकाळी हिरवा शेंबूड येतोय, जरा स्ट्राँग द्या." आणि चिठ्ठी नसताना अँटिबायोटिकची पट्टी हातात पडते. हा व्यवहार थांबला पाहिजे. का, ते पुढच्या मुद्द्यांत.

१. हिरवा रंग जंतूंचा नसतो. सर्दीच्या विषाणूशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये एक हिरवट द्रव्य असतं, त्याचा तो रंग. रात्रभर शेंबूड नाकात साचतो, त्यातलं पाणी आटतं, म्हणून सकाळी तो जास्त घट्ट आणि गडद दिसतो. दुपारपर्यंत पातळ होतो. साधी सर्दी बहुधा ७ ते १० दिवसांत जाते आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.

२. आपल्याकडे सर्दी नसतानाही नाकं भरतात, आणि त्यावरही अँटिबायोटिकचा उपयोग नाही. तालुका दुष्काळी, हवा कोरडी, रस्त्याकडेला मातीचा फुफाटा. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या नाकातून सकाळी काळपट येतं, ती काजळी असते. त्यात बेदाणा. नागज-आगळगावकडच्या शेडवर फेब्रुवारीपासून हंगाम चालतो. बेदाण्याला रंग यावा म्हणून बंद जागेत गंधक जाळून धुरी देतात. त्या धुरीतला वायू नाकाच्या ओल्या अस्तरात विरघळतो, त्याचं आम्ल होतं आणि अस्तर जळजळतं. दमेकऱ्याला तर धापच लागते. निवडणीला बसलेल्या बायका तोंडाला स्कार्फ बांधतात. त्याने धूळ थोडी अडते, वायू अडत नाही. म्हणून शेडमालकांनी धुरीनंतर दारं-खिडक्या उघडून वास पूर्ण गेल्याशिवाय कुणालाही आत पाठवू नये. यात फार खर्च नाही, थोडा वेळ जातो. आणि रस्त्यांची कामं चालू असतील तिथे पाणी मारून घेणं ही नगरपंचायतीची आणि ग्रामपंचायतींची जबाबदारी आहे.

३. घरचा उपाय मिठाचं पाणी. पाणी खळखळ उकळून कोमट होऊ द्यावं. पाव लिटरला अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून त्याने नाक धुवावं. बोअरचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नये. त्यातले काही जीव नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतात. चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंब ३ ते ५ दिवसांपलीकडे वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं. लहान मुलांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालूच नयेत.

४. डॉक्टरकडे कधी जायचं, हे मात्र पक्कं माहीत हवं. १० दिवस झाले तरी उतार नाही, बरं वाटून पुन्हा बिघडलं, १०२ च्या वर ताप आणि गाल-कपाळ ठणकतंय, तर जावं. तेव्हा अँटिबायोटिक लागू शकतं. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत हरभरा, मणी असं काही अडकलेलं असू शकतं. घड्याळाचा बटण सेल असेल तर काही तासांत आतलं मांस जळतं, त्याच घटकेला रुग्णालय गाठावं. मधुमेह्याच्या नाकात काळी खपली आणि चेहऱ्याला सूज दिसली तर २०२१ सालचा म्युकर, म्हणजे काळी बुरशी, आठवावा. तिथे एक दिवसही थांबू नये. मोठ्या माणसाच्या एकाच बाजूने वरचेवर रक्त येत असेल तर तेही दाखवावं.

५. कायदा आहेच. अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे. २०१४ पासून त्यातल्या काही जबर औषधांसाठी दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहून ती नोंद ३ वर्षं जपावी लागते. हे नियम उगाच केलेले नाहीत. गरज नसताना घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात, आणि उद्या त्याच पोराला न्यूमोनिया झाला तर ते औषध लागू पडेलच असं नाही. तेव्हा चिठ्ठी नसेल तर अँटिबायोटिक मागू नका, आणि दुकानदार नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडू नका.