निम्म्याने कमी, म्हणजे नेमके किती?



परवा शेजारी डोकावले, तर घरात सासू-सुनेचा अबोला! बाळ सहा आठवड्यांचे झालेले. सुनेला त्याला रोटाव्हायरसच्या जुलाबांवरचे लशीचे थेंब द्यायचे होते. पण आजींनी कुठेसे ऐकलेले, की ही लस 54 टक्केच गुणकारी. “अहो, म्हणजे शंभरातल्या 46 पोरांना जुलाब होणारच ना? मग द्यायची कशाला?”

टक्क्यांचा हा घोटाळा आपल्याही घरी होतो, म्हणून आज थोडा हिशेब मांडू या.

रोटाव्हॅक या आपल्या देशी लशीची चाचणी 2011 पासून दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याकडे झाली. निकाल 2014 साली प्रसिद्ध झाला. 4,532 बाळांना लस दिली, 2,267 बाळांना नुसतेच बिनऔषधी थेंब. रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांच्या नोंदी झाल्या लसवाल्यांत 71 आणि दुसऱ्या गटात 76.

“अगंबाई, सारखेच की!” असे म्हणाल. पण थांबा! दुसऱ्या गटात बाळे निम्मीच होती, नाही का? तेव्हा दर हजारी मोजा. लस नसलेल्या हजारांत सुमारे 34, लसवाल्या हजारांत सुमारे 16. 34 चे 16 झाले, हीच ती 54 टक्क्यांच्या आसपासची घट. शंभरातली 46 बाळे आजारी पडली, असा त्याचा अर्थ मुळीच नाही!

आता तोच हिशेब दुसऱ्या बाजूने. हजारी 18 बाळांचा त्रास टळला. म्हणजे साधारण 55 बाळांना लस दिली, की एकाचे तीव्र जुलाब टळतात. ते एक बाळ कोणते, हे आधी कुणालाच कळत नाही. म्हणून तर सगळ्यांना द्यायची.

लक्ष्मी रोडवर ‘निम्म्या किमतीत’ अशी पाटी दिसली, की आपण मूळ किंमत विचारतोच ना? रुमालावर निम्मे सुटणे वेगळे आणि पैठणीवर वेगळे! औषधाच्या बाबतीतही तसेच विचारा: “किती जणांत किती होते, आणि आता किती?”

ही लस 2016 पासून सरकारी लसीकरणात मोफत मिळू लागली. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला डोस चुकवू नका. मात्र लशीने सगळेच जुलाब थांबत नाहीत, बरं का! जुलाब झालेच तर जलसंजीवनी द्या, अंगावरचे दूध चालू ठेवा आणि बाळ मलूल दिसले तर लगेच डॉक्टर गाठा.

आणि हो, बाळाला थेंब द्यायला आजी स्वतःच घेऊन गेल्या!