नजरेची मजुरी

आमच्या व्यापारी बांधवांची एक खोड आहे. माल घेताना तागा उलगडून, उजेडात धरून एकेक दोष शोधतील. पण त्याच मालाच्या गाठी वाहणारी जुनी गाडी रोज सकाळी जमिनीवर चार थेंब टाकते, तिकडे वाकून कोणी पाहणार नाही. या खोडीची किंमत आम्ही स्वतः मोजली, म्हणून हे लिहीत आहोत.

मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ साली बंद झाले, तरी अनेकांचा धंदा अजून तिच्यावरच चालतो. आमच्या ओम्नीच्या मागच्या चाकापाशी आतून ओल दिसू लागली. मिस्त्री म्हणाले, "चाक उतरवून पाहावे लागेल, दोनशे रुपये पडतील." आम्ही म्हणालो, "पाहण्याचे कसले पैसे?" मग त्यांनी उभ्या उभ्याच निदान केले : शॉकअप गेले. दोन्ही नवे बसवले. ओल मात्र कायम! आठवड्याने भर बाजारात ब्रेक मारला, तर पेडल तळाला टेकले. समोर हातगाडी होती. हातभर अंतरावर गाडी थांबली, ही अल्लाहची मेहेरबानी.

दुसऱ्या गॅरेजमधल्या तरुण कारागिराने चाक आणि ड्रम उतरवून दाखवले. गळत होते ते शॉकअपचे तेल नव्हतेच. ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे होते.

हा फरक प्रत्येक गाडीवाल्याने समजून घ्यावा. गाडीचे वजन पाटे आणि स्प्रिंगा पेलतात. शॉकअपचे काम उसळी शमवण्याचे. त्याच्या नळीतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, त्यामुळे गाडी डोलत राहत नाही. दांड्याभोवतीचे सील धुळीने वा वयाने झिजले की तेल बाहेर येते. नुसता पातळ ओलावा असेल तर घाबरू नये. तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल आणि गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती दोन-तीनदा डोलत असेल, तर शॉकअप संपले समजावे. मग एका धुऱ्यावरचे दोन्ही बदलावेत.

पण मागच्या चाकापाशी तीन तेले गळू शकतात : शॉकअपचे, ब्रेकचे आणि धुऱ्यातले गिअर ऑइल. गिअर ऑइल दाट असते व त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. बशीभर पाण्यात थेंब टाकला तर शॉकअपचे तेल वर तरंगते. नेहमीचे डॉट ३ ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. तरीही शंका असेल तर जागा धुऊन कोरडी करावी, रात्रभर खाली पुठ्ठा ठेवावा आणि सकाळी सर्वांत वरची ओली जागा शोधावी, कारण तेल वरून खाली ओघळते. ब्रेक ऑइलच्या डबीवर पातळीची खूण करावी. पातळी उतरू लागली तर गाडी तिथेच उभी करावी, मिस्त्रींना जागेवर बोलवावे.

आता मूळ मुद्दा. पहिल्या मिस्त्रींना आम्ही बेइमान म्हणणार नाही. पाहण्याची मजुरी आम्हीच नाकारली. मग त्यांची कमाई उरली फक्त माल बदलण्यात. लूम बंद पडला की जॉबर नुसत्या कानाने दोष ओळखतो, आणि त्या ओळखण्याचीच किंमत असते, हे कापडवाल्यांना वेगळे सांगायला नको. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याचा मोबदला द्यावा, ही शिकवण आपण मिंबरवरून ऐकतो. पण नजरेच्या कामात घाम दिसत नाही, म्हणून ती मजुरी बुडवायची काय?

कोणी म्हणेल, अशाने मिस्त्री नुसते पाहण्याचेच पैसे घेतील. त्यावर उपाय सोपा आहे. ओल कुठून येते ते बोट लावून दाखवा, मगच पैसे, असे आधी ठरवावे. मिस्त्री बांधवांनीही पाहणीचा दर पाटीवर उघड लिहावा. आमचे दोनशे वाचले आणि दोन चांगले शॉकअप भंगारात गेले. हातगाडीवाल्याचे काय झाले असते, तो हिशेब कुठल्याही वहीत मांडता येणार नाही.